अंदमानात वेळ कुठे जातो

मुंबई-पुण्याहून अंदमानला निघालेल्या कुटुंबाच्या हातात बहुतेकदा पाच-सहा दिवस असतात आणि त्यातले दोन जाण्यायेण्यातच संपतात. चेन्नईहून जहाजाने जायचं तर एका बाजूचाच प्रवास जवळपास तीन दिवसांचा, म्हणजे इथवर विमानाला पर्याय नाही. खरा हिशेब सुरू होतो तो पोर्ट ब्लेअरला (२०२४पासून श्री विजयपुरम) उतरल्यावर.

या हिशेबात सूर्य आधी धरावा. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, तर अंदमान त्र्याण्णव अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर तिथला सूर्य घड्याळाच्या चाळीसएक मिनिटं पुढे धावतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास तो मावळतोही. त्यामुळे दुपारी दोनची बोट पकडून चारला बेटावर पोचलेल्या माणसाला किनाऱ्यावर जेमतेम तासभर उजेड मिळतो. सकाळी सहा-साडेसहाच्या बोटीची झोपमोड सोसावी, अख्खा दिवस हाती येतो.

हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला जायला दोन प्रकारच्या बोटी आहेत. खासगी वातानुकूलित कॅटामरान दीड-दोन तासांत पोचते, सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास घेते. तिकिटाच्या दरात मात्र मोठी तफावत. खासगी बोटीसाठी तासभर आधी जेट्टीवर हजर राहावं लागतं, सामान तपासून द्यावं लागतं, उतरल्यावर ते परत मिळायची वाट पाहावी लागते. हॉटेलच्या दारापासून दारापर्यंत मोजलं, तर जादा पैशांत विकत घेतलेला तास बराच आकसतो. शिवाय सरकारी बोटीच्या डेकवर उभं राहता येतं, नशीब असेल तर उडणारे मासे दिसतात. तरीही सोबत म्हातारी माणसं असतील किंवा आरक्षण आधीच पक्कं हवं असेल, तर मी खासगी बोटच सुचवेन. सरकारी तिकिटांत स्थानिकांची गरज आधी येते, आणि यायलाच हवी. त्यांच्यासाठी ती बोट म्हणजे एसटी आहे. हेलिकॉप्टरचंही तसंच: ते मुख्यतः बेटांवरच्या लोकांसाठी आणि रुग्णांसाठी आहे, सहलीच्या आराखड्यात त्याला धरूच नये.

बोटीच्या वेगापेक्षा फेऱ्यांचा क्रम जास्त वेळ वाचवतो. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील (शहीद द्वीप) आणि परत पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करावा. हॅवलॉक ते नील तासाभराचा प्रवास आहे. प्रत्येक बेटासाठी पोर्ट ब्लेअरहून वेगळी जा-ये केली, तर एक पूर्ण दिवस जेट्टीवर आणि सामान बांधण्यात जातो. हॅवलॉकला जेट्टीपासून राधानगर किनारा बारा किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे दिवसाच्या भाड्याची स्कूटर सोयीची, कारण संध्याकाळी परतीची रिक्षा शोधण्यात अंधार पडतो. नील तर सायकलवरही फिरून होतं.

बाराटांग बेटाचा प्रश्न वेगळा आहे. चुनखडीच्या गुहा पाहायला पहाटे तीन-चारला गाडी निघते, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लागते आणि ठरलेल्या वेळीच वाहनांचा ताफा सुटतो. पुढे खाडी बार्जने ओलांडायची, मग छोट्या बोटीने खारफुटीतून गुहांकडे. या रस्त्याला वेळ लागतो, कारण तो जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायला, फोटो काढायला, काही खायला द्यायला बंदी आहे. या रस्त्याचा जंगलातला भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, तरी पर्यटकांच्या गाड्या आजही धावतात. पाच दिवसांच्या सहलीत बाराटांग गाळावं, असं मला मनापासून वाटतं. वेळ वाचतोच, आणि कुणाच्या तरी घरातून जाणारी आपली एक गाडीही कमी होते.

परतीच्या विमानाआधीची रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, पावसाळ्यात तर हमखास, आणि बोट चुकली म्हणून विमान थांबत नाही. त्या संध्याकाळी सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम ठेवावा. त्याची तिकिटं दुपारीच काढून ठेवलेली बरी.