अवकाशस्थित लेसर क्षेपणास्त्र संरक्षण

अवकाशस्थित लेसर क्षेपणास्त्र संरक्षण ही उपग्रहांवरून शक्तिशाली लेसर झोत सोडून शत्रूचे क्षेपणास्त्र उड्डाणाच्या सुरुवातीलाच नष्ट करण्याची प्रस्तावित पद्धत होय. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या २३ मार्च १९८३ च्या भाषणानंतर तिच्यावरील संशोधनाला वेग आला. अशी यंत्रणा अद्याप कोणत्याही देशाने कक्षेत तैनात केलेली नाही.

तत्त्व

इंजिन जळत असताना क्षेपणास्त्राची ज्वाळा दुरून दिसते आणि स्फोटशीर्षे अद्याप विलग झालेली नसतात. म्हणून हाच टप्पा लक्ष्य मानला जातो. आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या बाबतीत तो सुमारे तीन ते पाच मिनिटांचा असतो. घन इंधनामुळे तो सहसा आखूड होतो. अशा घन इंधनांवर पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा काम करते. म्हणजे या चढाओढीत पुण्याचा वाटा लेसरच्या नव्हे, तर क्षेपणास्त्राच्या बाजूचा आहे.

व्यवहार्यता

मुख्य अडचण विवर्तनाची आहे. लेसर झोत कितीही सरळ भासला तरी अंतरानुसार पसरतो. हायड्रोजन फ्लोराईड लेसरची तरंगलांबी सुमारे २.७ मायक्रोमीटर असते. आरसा १० मीटर व्यासाचा आणि निर्दोष मानला, तरी ३,००० किलोमीटरवर झोताचा ठिपका सुमारे २ मीटर रुंद होतो. ५ मेगावॉट शक्तीच्या लेसरपासून तेथे दर चौरस सेंटीमीटरला सरासरी १३५ वॉट एवढीच शक्ती पोहोचते. कवच निकामी करण्यास दर चौरस सेंटीमीटरला १ किलोज्यूल ऊर्जा लागते असे धरल्यास झोत सात-आठ सेकंद एकाच जागी स्थिर ठेवावा लागेल. कवच दहापट चिवट केल्यास सव्वा मिनिट. तेवढ्या वेळात अनेक क्षेपणास्त्रे एकदम सुटली, तर एका लेसरचा निभाव लागणार नाही.

शिवाय खालच्या कक्षेतील उपग्रह दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करतो. प्रक्षेपणस्थळावर कायम पहारा ठेवण्यासाठी उपग्रहांचा मोठा ताफा लागतो आणि त्यातील बहुतेक कोणत्याही क्षणी भलतीकडेच असतात.

प्रयत्न

सोव्हिएत संघाने १५ मे १९८७ रोजी सोडलेले ‘पोल्यूस’ हे लेसरविरहित चाचणी यान कक्षेत पोहोचू न शकल्याने प्रशांत महासागरात कोसळले. अमेरिकेच्या बोईंग ७४७ विमानावरील लेसरने ११ फेब्रुवारी २०१० रोजी एक क्षेपणास्त्र पाडले. तरीही तो प्रकल्प पुढच्याच वर्षी गुंडाळण्यात आला.

भारताने २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त उपग्रह पाडला, तो थेट धडकेने. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेने ३० किलोवॉट लेसरने ड्रोन पाडून दाखवले. वरील उदाहरणातील लेसरची शक्ती त्याच्या दीडशेपटींहून अधिक आहे.