कमरेवरून खांद्यापर्यंत

अलिबागेहून आक्षी-नागावमार्गे चौलास येणारा रस्ता माडा-पोफळींच्या वाड्यांमधून इतका अरुंद आणि वळणावळणांचा गेलेला आहे की, समोरून एस.टी. आली असता मोटारीला वाडीच्या गडग्यास खेटून उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. आणि ज्या रस्त्यावर वेगच घेता येत नाही त्या रस्त्यावर आसनाचा पट्टा (सीटबेल्ट) बांधण्याचे प्रयोजन काय, अशी एक समजूत आमच्या पंचक्रोशीत दीर्घकाळ सुखाने नांदत आलेली आहे. "गावातल्या गावात कशाला पट्टा?" हा सवाल रेवदंड्याच्या नाक्यावर आजही ऐकू येतो. गेल्या तीन-चार दशकांकडे मागे वळून पाहता असे दिसते की, पट्टा आमच्या मोटारीत आला तो कायद्याच्या हुकमाने, अंगावर चढला तो दंडाच्या धाकाने, आणि तो नेमके काय करतो हे समजावून सांगण्याची तजवीज मात्र कोणीच केली नाही.

फियाट आणि अँबॅसडर यांच्या अमदानीत हा प्रश्नच उद्भवत नसे. पुढचे आसन सलग बाकासारखे. त्यावर तिघे, प्रसंगी मांडीवर चौथा. मार्गशीर्षात चौलच्या दत्ताच्या यात्रेला निघालेल्या गाडीत किती माणसे बसली हे कोणी मोजत नसे, आणि मिनीडोर रिक्षामध्ये तर ती मोजण्याचा रिवाज आजही नाही. १९९४ साली नव्या मोटारींना पुढच्या आसनांचे पट्टे बसवून देणे कारखानदारांवर बंधनकारक झाले, तेव्हा ते पट्टे बहुतेक ठिकाणी आसनाच्या नव्याकोऱ्या खोळीमागे दडपले गेले. पुढे नाकाबंदी दिसताच पट्टा खांद्यावरून ओढून हाताने नुसता धरून ठेवण्याची एक कला उदयास आली. शंभर रुपयांच्या दंडास ती पुरेशी होती. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजारावर नेला, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून नव्या गाड्यांत पट्टा न बांधल्यास वाजणारा इशाराही सक्तीचा झाला. त्यावर तोड म्हणून पट्ट्याची नुसती जीभ बाजारात विकत मिळू लागली. ती खाचेत खोचली की इशारा मुका होई. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीस्थळांना ही वस्तू काढून टाकण्याचा आदेश दिला. दंडाचे पैसे वाचविण्यासाठी माणूस जी बुद्धी खर्च करतो तिचा दशांश जरी तो पट्टा नीट बसविण्यात खर्च करता, तर बरे झाले असते!

वस्तुतः या साधनामागील विचार अत्यंत सरळ आहे. स्वीडनचा अभियंता नील्स बोहलिन हा पूर्वी साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे. व्होल्वो कंपनीत आल्यावर त्याने १९५९ साली तीन ठिकाणी जखडलेला पट्टा सिद्ध केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखानदारांनाही खुले ठेवले. धक्का सोसण्यास शरीरातील जी बळकट हाडे समर्थ आहेत, म्हणजे कमरेचा घेर आणि छातीचा पिंजरा, त्यांवरच तो यावा, मऊ पोटावर येऊ नये, हे त्यातले मर्म. ताशी ५० किलोमीटर हा आमच्या रस्त्यावरही सहज गाठला जाणारा वेग. त्या वेगाने जाणारी गाडी एकाएकी अडली तर आतील माणसास बसणारा तडाखा सुमारे दहा मीटर उंचीच्या पोफळीवरून खाली पडण्याइतका असतो. पोफळीवर चढणारा गडी पायांतला दोर घट्ट आहे की नाही हे पाहिल्याशिवाय बुंध्याला हात घालीत नाही; पण तोच संध्याकाळी भाच्याच्या गाडीत पट्टा काखेखालून घेऊन बसतो, कारण म्हणे तो मानेला काचतो. काखेखालून घेतलेला पट्टा छातीऐवजी खालच्या बरगड्यांवर भार टाकतो, आणि आसन मागे कलवून झोपणाऱ्याचे शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

समुद्रकाठचा एक विशेष येथे नमूद करावासा वाटतो. रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून आलेली माणसे वाळूसकट गाडीत बसतात; ती वाळू खाचेत शिरते, आणि पावसाळ्यात बंद उभ्या गाडीच्या पट्ट्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. पट्टा हळू ओढला असता तो सरसर सुटत यावा, झटका देताच जागच्या जागी अडावा, आणि सोडला की चक्रीत परत गुंडाळला जावा, ही तपासणी कोणासही घरच्या अंगणात करता येते. कडेचे धागे सुटलेले असतील, किंवा गाडीस एकदा जबर अपघात होऊन गेला असेल, तर पट्टा बदलावा. भंगारातून काढलेला तर मुळीच बसवू नये, कारण एकदा ताणला गेलेला पट्टा दुसऱ्यांदा तसाच ताण घेईल याची खात्री नसते.

मागच्या आसनाचा इतिहास याहून खिन्न करणारा आहे. समोर तोंड करून मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा, हे नियमांत लिहिलेले होते; ते वाचले कोणीच नव्हते. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा दिल्लीत अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते. त्या वेळी चर्चा झाली, आणि विरली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतरच मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबरपासून मागच्या प्रवाशांवरही पट्ट्याची सक्ती जाहीर केली. चौलपर्यंत तिचा अंमल पोहोचला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर एक निराळेच प्रकरण दृष्टीस पडू लागले: शर्यतीच्या गाडीत शोभावेत असे लाल-निळे रुंद पट्टे लावलेल्या हौशी तरुणांच्या मोटारी. हार्नेस म्हणतात तो हाच. शर्यतींच्या जगातही हा सुखासुखी आलेला नाही. अपघातात बाहेर फेकले गेलेले बरे, असे मानणारे चालक एके काळी बहुसंख्य होते. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे शर्यतचालक जॅकी स्टुअर्ट पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकून पडला, आणि त्यानंतर त्याने सुरक्षेचा ध्यास घेतला. १९७२ पासून फॉर्म्युला वनमध्ये पट्टे सक्तीचे झाले. मग नवीनच संकट उभे राहिले: धड इतके घट्ट जखडले की डोकेच तेवढे पुढे झेपावे आणि कवटीचा तळ भंगावा. त्यावर अमेरिकेतील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग यांनी शिरस्त्राणास मागे धरून ठेवणारे 'हॅन्स' हे जोखड तयार केले; अमेरिकन शर्यतचालक डेल अर्नहार्ट २००१ साली डेटोना येथे मृत्यू पावल्यावर त्याचे महत्त्व सर्वांस पटले, आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ते अनिवार्य ठरले. पुण्याचे संजय टकले यांच्यासारखे रॅलीचालक हे सर्व अंगावर चढवूनच गाडीत शिरतात. पण त्यांच्या गाडीत पोलादी पिंजरा असतो, आसन जमिनीस पक्के असते आणि डोक्यावर शिरस्त्राण असते.

या लवाजम्यातून एकटा हार्नेस उचलून रोजच्या गाडीत बसविणे ही अर्धवट विद्या होय. गाडी उलटून छत खाली आले तर साध्या पट्ट्यात धड थोडे तरी कलते. हार्नेसमध्ये ते ताठ उभेच राहते. खांद्याचे पट्टे आसनामागे थेट जमिनीस जखडले, तर धक्क्याच्या क्षणी ते कण्यालाच खाली दाबतात. म्हणून ते जवळजवळ आडवे मागे जावे लागतात. मांड्यांमधून येणारा पट्टा नसलेल्या चार टोकांच्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे आवळताच कमरेचा पट्टा वर पोटावर चढतो, म्हणजे बोहलिनने जे टाळले तेच परत घडते. शिवाय अस्सल हार्नेसवर मुदत संपण्याचे साल शिवलेले असते. बाजारातील नकली मालावर कंपनीचे नाव मोठे आणि साल नाहीच.

मुलांच्या बाबतीत मात्र आमचा प्रांत अजून फियाटच्याच काळात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलास पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेणे दंडनीय केले. तरी पुढच्या आसनावर आईच्या मांडीत बसून मुलाने समुद्र पाहत यावे, हा रिवाज चौलच्या रस्त्यावर कायम आहे. वर सांगितलेल्या ५० च्या वेगाने गाडी अडली तर दहा किलोचे मूल दीडशे किलोंहून अधिक जोराने पुढे ओढले जाते, आणि तितका भार हातांनी धरून ठेवणारी आई अद्याप जन्मास यायची आहे.