खर्जाच्या चार तारा

रात्री भोसरी एमआयडीसीतून जाताना एखाद्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ थांबून बघा. एक अखंड गुणगुण ऐकू येते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा सेकंदाला १०० वेळा थरथरतो, त्याचा तो आवाज. आता बेस गिटारची सगळ्यांत बारीक तार मोकळी छेडा. ती सेकंदाला ९८ वेळा कंप पावते, म्हणजे जवळपास तोच स्वर, किंचित उतरलेला. बाकीच्या तीन तारा याच्याही खाली आहेत: ७३, ५५ आणि ४१ कंपनांच्या. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ कंपनांचा असतो. बेसच्या दोन तारा त्या खर्जाच्याही खाली बोलतात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या माणसांना असले आवाज परके नाहीत. प्रेसशॉपमध्ये उभं राहिलं की ते पायातून वर चढतात. तरीही हे वाद्य शिकायला येणारे बहुतेक जण सोबत काही चुकीच्या समजुती घेऊन येतात, आणि त्यांतल्या काही समजुती इतक्या जड असतात की माणूस महिनाभरात वाद्य कपाटावर ठेवून देतो. या लेखाचं कारण तेच.

पहिली समजूत अशी, की ज्याला गिटार जमत नाही तो बेस वाजवतो, चारच तारा आहेत, त्यामुळे सोपं काम. यातलं एक खरं आहे: सुरुवात लवकर होते. आठवड्याभरात एखाद्या साध्या गाण्याला सा आणि पंचमाची साथ देता येते, तेवढा आनंद पहिल्याच आठवड्यात मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण तबल्याच्या जोडीतला डग्गा आठवा. नवख्याच्या हाताखाली डग्गा नुसता ‘धप्’ करतो, जाणकाराच्या हाताखाली तोच बोलतो. बेसचंही तसंच आहे. स्वर कधी सुरू करायचा हे महिन्याभरात कळतं. तो कधी थांबवायचा हे कळायला वर्षं लागतात. जाड तार एकदा छेडली की बराच वेळ घुमत राहते, आणि शेजारच्या ताराही तिच्यासोबत नकळत थरथरू लागतात. त्या सगळ्या दोन्ही हातांनी दाबून गप्प ठेवाव्या लागतात. चांगल्या वादकाचे हात बघा, निम्मी मेहनत आवाज बंद करण्यात चाललेली दिसेल. नवशिक्यांना ही गोष्ट कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही, आणि मग सगळं गढूळ का ऐकू येतं हे त्यांना कळत नाही.

‘आधी साधी गिटार शिका, मग बेसकडे वळा’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याची गरज नाही. बेसच्या चार तारा गिटारच्या जाड बाजूच्या चार तारांच्याच स्वरांना, पण एक सप्तक खाली लावतात. दोन शेजारच्या तारांमधलं अंतर कायम सा ते शुद्ध मध्यम एवढंच असतं. याचा फायदा आपल्याकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना लगेच कळेल. कुठल्याही फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सा धरा: पंचम पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर सापडतो, आणि वरचा सा त्याच फ्रेटवर, आणखी एक तार पलीकडे. ही आकृती कुठेही बदलत नाही. गायकाने ऐनवेळी काळी एकऐवजी काळी दोन मागितली, तर हात आहे त्या आकृतीसकट दोन फ्रेट पुढे सरकवायचा, बस्स. पेटीवर पट्टी बदलताना बोटांची जी तारांबळ उडते, ती इथे नाही. स्टाफ नोटेशन वाचता आलं तर उत्तमच. पण ज्याला सरगम डोक्यात ऐकू येते त्याने नोटेशनसाठी अडून राहू नये.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये जे बेस गिटार बाजारात आणलं, त्याचं नाव होतं ‘प्रिसिजन बेस’. त्याआधी १९३० च्या दशकात सिॲटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी आडवं धरून वाजवायचं इलेक्ट्रिक बेस केलं होतं, पण ते चाललं नाही. फेंडरच्या नावातलं ‘प्रिसिजन’ म्हणजे तेच, जे आपल्या पट्ट्यातल्या निम्म्या वर्कशॉपांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. माणसाएवढ्या उंच डबल बेसवर फ्रेट नसतात, स्वर कानाने शोधावा लागतो. फेंडरने फ्रेट बसवले आणि स्वर जागेवर नेमका मिळू लागला. नेमकेपणा हा या वाद्याच्या जन्माचाच भाग आहे, आणि म्हणून मला ते या गावाचं वाद्य वाटतं.

हाताच्या आकाराबद्दल पालक फार विचारतात, विशेषतः मुलींचे. प्रचलित बेसच्या तारेची मोकळी लांबी ३४ इंच असते, त्यामुळे पहिला फ्रेट साधारण साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर येतो. हे अंतर मोठं आहे, नाकारायचं कारण नाही. पण म्हणूनच खालच्या फ्रेटवर प्रत्येक बोटाला एक फ्रेट देत बोटं ताणायची नसतात. पहिलं बोट, दुसरं बोट, आणि मग तिसरं-चौथं मिळून, अशी डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत आहे. तेवढ्याने काम होतं, मनगटही वाचतं. शिवाय ३० इंचांची आखूड वाद्यंही मिळतात. पॉल मॅकार्टनी यांच्या हातात दिसणारं व्हायोलिनच्या आकाराचं हॉफनर त्याच जातीचं. साठच्या दशकात लॉस एंजलिसच्या स्टुडिओंमध्ये असंख्य रेकॉर्डिंगवर बेस वाजवणाऱ्या कॅरोल के या बाई. मुंबईत वाढलेली, वडिलांकडून बेस शिकलेली आणि ए. आर. रहमान यांच्यासोबत जगभर वाजवणारी मोहिनी डे ही तर आपल्या शेजारच्या शहरातली. मुलींना हे वाद्य झेपणार नाही, हे वाक्य आता कुणी उच्चारू नये.

आता ज्या गैरसमजामुळे सर्वांत जास्त लोक वाद्य सोडतात, त्याकडे येतो: ‘बोटं फार दुखतात, म्हणजे हे माझ्यासाठी नाही.’ चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारे, चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले होते. ‘सर, वय झालं आपलं,’ म्हणाले. मी त्यांना त्यांचं फट मोजायचं फीलर गेज आणायला सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी ते खिशातून काढलं, पात्यावरचं तेल फडक्याने पुसलं. जाड तार आम्ही पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली. मग सातव्या-आठव्या फ्रेटच्या मध्ये, तारेखालच्या फटीत ते एकेक पातं सरकवू लागले. तिथे साधारण ०.३० ते ०.३५ मिलिमीटर फट हवी. त्यांच्या वाद्यात पाऊण मिलिमीटरचं पातंही सैल जात होतं. वाद्याची मान पुढे वाकली होती, तारा उंच गेल्या होत्या, आणि हा माणूस दोन महिने त्या तारांशी कुस्ती खेळत होता. ‘अहो, हे तर क्लिअरन्सचंच काम आहे!’ एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

कारण साधं आहे. चार तारांचा मिळून ताण सुमारे ८० किलोचा असतो आणि तो लाकडाच्या मानेला सतत पुढे ओढतो. तो पेलायला मानेच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, उन्हाळ्यात सुकतं, आणि मान जागची हलते. ॲलन कीने रॉड पाव फेरा आवळायचा, तार पुन्हा सुरात लावायची, मग परत मोजायचं. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. शॉपफ्लोअरवरच्या मंडळींना इथे एक सांगणं आहे: बोल्ट कचकचीत आवळायची सवय घरी ठेवून या. की अडली तर जोर लावू नका, जाणत्या कारागिराकडे जा. मान सरळ झाली की ब्रिजवरचे बारीक स्क्रू फिरवून तारांची उंची बसवायची. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २.४ मिलिमीटर, हे सुरुवातीला चांगलं माप. एवढं झाल्यावर त्या गृहस्थांचे फोड पंधरा दिवसांत गेले. बोटांच्या टोकांना थोडा घट्टा सगळ्यांनाच पडतो, तो पडू द्यावा. मनगटात किंवा कोपरात कळ येत असेल तर मात्र थांबावं. दिवसभर ग्राइंडर किंवा नटरनर चालवून हाताला मुंग्या येत असतील, तर त्या दिवशी वाद्य हातात घेऊच नये.

‘आपल्या गाण्यांत बेसचं काय काम?’ असं विचारणाऱ्यांनी राहुल देव बर्मन यांची गाणी चांगल्या हेडफोनवर ऐकावीत. त्यांच्या वादकांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. मुंबईच्याच स्टुडिओंमध्ये गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र काढलं, तेच मुळी बेस गिटारवादकाची जागा भरून काढायला. ते तसं चाललं नाही. पण चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच यंत्राच्या साथीने दहा राग बसवून तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, पण २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभरचे संगीतप्रेमी थक्क झाले. आपल्या ऑर्केस्ट्रांत बेस गिटार क्वचित दिसतं, याचं कारण एवढंच की बऱ्याचदा कीबोर्डवाला डाव्या हाताने ते काम उरकतो. काम असतंच.

बेस ‘ऐकू येत नाही’ ही तक्रार बहुधा मोबाइलची असते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ४१ कंपनांचा स्वर काढणंच शक्य नसतं. त्या स्वराची वरची आंदोलनं तेवढी बाहेर पडतात आणि उरलेला स्वर आपला मेंदू जुळवून घेतो. अशा स्पीकरवर ऐकून बेस शिकणं म्हणजे खिडकीबाहेरून जेवणाचा वास घेणं.

ॲम्प्लिफायरबाबत दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, घरातला गिटारचा ॲम्प चालेल. हळू आवाजात चालेलही, पण आवाज वाढवला तर त्याचा स्पीकर फाटू शकतो, कारण तो इतक्या खालच्या स्वरांसाठी बनलेलाच नसतो. दुसरा पहिल्याच दिवशी स्टेजचा ॲम्प मागतो. घरच्या सरावाला १५ ते ३० वॉटचा बेस ॲम्प किंवा नुसतं हेडफोनचं यंत्र पुरतं. कार्यक्रमात, चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहासारख्या ठिकाणी, बेस डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जोडता येतं. आणि शेजाऱ्यांचं लक्षात ठेवा. ४१ कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून जास्त असते. सोसायटीतल्या साध्या भिंती अशा खालच्या आवाजाला फारसं अडवत नाहीत. गाणं इकडे, धडधड तिकडे. रात्री दहानंतर हेडफोन, याला पर्याय नाही.

तारांना हात लावल्यावर घरघर थांबते आणि काढल्यावर सुरू होते, म्हणून वाद्य बिघडलं असं समजून दुकानात परत नेणारेही असतात. ती घरघर सहसा आसपासच्या विजेची असते. आपलं शरीर एखाद्या अँटेनासारखं ती उचलतं, आणि तारांना हात लागला की ती वाद्याच्या अर्थमध्ये निघून जाते. एकेरी कॉइलचे पिकअप स्वतःही अशी गुणगुण पकडतात. मात्र खोलीचं अर्थिंग आधी तपासून घ्या. भाड्याच्या खोल्यांत ते कित्येकदा फक्त नावाला असतं, आणि तारांना हात लावताना झटका जाणवला तर लगेच प्लग काढा. इथे हयगय नको.

शिफ्टमुळे रियाज जमणार नाही, हेही बरेच जण सांगतात. रोज वीस मिनिटं पुरतात, पण ती रोजची हवीत. त्यातली पाच मिनिटं मेट्रोनोम ६० वर ठेवून एकच स्वर, एकसारख्या लांबीचा. अडचण वेळेपेक्षा कानांची आहे. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा कायद्याने घातलेली आहे. तेवढ्या गोंगाटातून घरी आल्यावर कान काही काळ बधिर असतात, आणि मग माणूस नकळत हेडफोनचा आवाज वाढवतो. शिफ्टनंतर लगेच वाजवू नका, जेवून, थोडं शांत बसून वाजवा. कामावर इअरप्लग लावत नसाल तर किमान आता तरी लावा. वादकाचे कान दुसरे मिळत नाहीत.

पैशाचं म्हणाल, तर पंधरा-वीस हजारांत सुरुवातीला पुरेल असं नवं वाद्य मिळतं. वापरलेलं स्वस्तात मिळालं तर मान आणि फ्रेट बघून घ्या. तेव्हाही फीलर गेज खिशात असू द्या.

आणि वाद्य विकत घेण्याआधी एक काम करा. येत्या सुट्टीला आवडतं जुनं गाणं कानावर बसणाऱ्या हेडफोनवर लावा. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गायकाकडे लक्ष जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यांदा फक्त खालचा आवाज धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. तो सापडला, की क्लासचा पत्ता शोधायला लागा.