चाकाच्या तुंब्यातील उष्णता

चंदीगड शहर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेथील रस्ते रुंद व जवळजवळ सपाट आहेत. परंतु कालका ओलांडून परवाणू आले की कसौलीचा चढ सुरू होतो. चंदीगड प्रशासनाने २०२२ साली विद्युत् वाहनांविषयीचे धोरण जाहीर केले. अशा अनेक दुचाकींमध्ये चलित्र, म्हणजेच मोटर, चाकाच्या तुंब्यातच बसविलेली असते. ही कल्पना जुनी आहे; फर्डिनांड पोर्श यांनी रचलेली अशी मोटारगाडी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. मग शहरात विनातक्रार चालणारी दुचाकी घाटात का तापते?

या मोटरीचे कवच चाकाबरोबर फिरते व त्याच्या आतल्या कडेला चुंबके असतात. तांब्याच्या तारेची वेटोळी मात्र मध्यभागी, स्थिर आसावर असतात. उष्णता मुख्यत्वे वेटोळ्यांतच निर्माण होते. बाहेर पडण्यास तिला दोनच वाटा : हवेची अरुंद फट आणि बारीक आस. रजईत गुंडाळलेल्या भांड्याप्रमाणे ती आतच कोंडून राहते.

चढावर दुप्पट जोर लागला की दुप्पट विद्युत्प्रवाह लागतो. उष्णता मात्र चौपट होते. त्यातच वेग मंदावल्यामुळे कवचाला वारा कमी लागतो. शिवाय तांबे १०० अंशांनी तापले की त्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि उष्णतेत आणखी भर पडते. हवामानाचाही यात वाटा आहे. तारेवरील विसंवाहक लेप १३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा असेल, तर हिवाळ्यातील ५ अंशांच्या पहाटे मोटरीला तापण्यास १२५ अंशांचा वाव असतो. जूनमधील ४५ अंशांच्या दुपारी तो केवळ ८५ अंश उरतो.

उपाय अनेक आहेत. कवचाला छिद्रे पाडल्यास वारा आत शिरतो, पण त्याबरोबर धूळ व पावसाचे पाणीही शिरते. १९६३ साली अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेत अग्निबाणाच्या इंधनासाठी चुंबकीय द्रवाचा शोध लागला. असा द्रव थोडासा घातला, तर चुंबके त्याला फटीत धरून ठेवतात व त्यातून उष्णता कवचापर्यंत पोचते. कवचावर बाहेरून धातूचे पंख बसविल्यास ती वाऱ्यात लवकर विरते. काही वाहनांत तापमानदर्शक घटक वेळीच प्रवाह कमी करतो.

कवचाला हात लावून मात्र अंदाज बांधू नये. ते नुसते कोमट असतानाही आतील वेटोळी धोक्याच्या सीमेवर असू शकतात. लेप जळला की तारा एकमेकींना भिडतात. मग वेटोळी नव्याने गुंडाळावी लागतात किंवा सबंध चाकच बदलावे लागते. दुचाकीवरून घरोघर सामान पोचविणाऱ्याच्या दृष्टीने हा कित्येक दिवसांच्या कमाईचा प्रश्न असतो. म्हणून उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती निर्माणच होऊ न देणे श्रेयस्कर होय. ओझे हलके ठेवावे, पायटे असल्यास चढावर ते मारावेत आणि मध्येच सावलीत थांबून मोटरीस विसावा द्यावा.