गळवातला जंतू

मुलाच्या मानेवर गळू आले, की आपण फडताळातली मागल्या दुखण्यातली उरलेली गोळी शोधतो. जरा थांबा.

हा जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. नावही त्यावरूनच पडले. दहांतल्या सुमारे तिघांच्या नाकात तो निमूट राहतो. खरचटलेल्या कातडीतून आत शिरला, की पू होतो. १९२८ साली फ्लेमिंग ज्या बशीत हाच जंतू वाढवीत होता, तिच्यात पेनिसिलिन सापडले. पण जंतू काही स्वस्थ बसला नाही. पेनिसिलिन फोडणारे द्रव्यच तो तयार करू लागला! त्यावर तोड म्हणून मेथिसिलिन आले. १९६१ साली इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे जंतू आढळले.

होते काय, की औषधाने लेचेपेचे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मग ती शेजारच्या मुलालाही गाठते, ज्याने गोळी कधी घेतलेलीच नाही.

लहान गळवाला पुष्कळदा शेक पुरतो, नाहीतर डॉक्टर पू काढतात. घरी पिळू मात्र नका. ताप चढला, लाली पसरली किंवा मूल तान्हे असले, तर तडक दवाखाना गाठा. औषध दिलेच, तर सांगितले तितके दिवस द्या. आणि गुरुजी, शाळेत सारी मुले एकाच फडक्याला हात पुसत असतील, तर ते फडके आधी काढा.