प्राचीन ग्रीक स्वप्नमीमांसा : आर्टेमिडोरसची अर्थनिर्णयपद्धती

प्रस्तावना :
स्वप्नातून भविष्याची सूचना मिळते, ही धारणा प्राचीन ग्रीक समाजात दृढ होती. तथापि प्रत्येक स्वप्न विश्वसनीय मानले जात नसे. होमरच्या ‘इलियड’मध्ये झ्यूस अगामेम्नॉनला फसवे स्वप्न पाठवितो. ‘ओडिसी’मध्ये पेनेलोपी स्वप्नांची दोन द्वारे सांगते : शिंगाच्या द्वारातून खरी, तर हस्तिदंताच्या द्वारातून खोटी स्वप्ने येतात. पुढे ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४-३२२) या श्रद्धेवरच आक्षेप घेतला. स्वप्ने ईश्वर पाठवीत असता तर ती ज्ञानी व्यक्तींनाच पडली असती. प्रत्यक्षात ती कोणालाही पडतात आणि खरी ठरलेली बहुतेक स्वप्ने हा योगायोग असतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

आर्टेमिडोरसची पद्धती :
ॲरिस्टॉटलने ज्या सामान्य माणसांच्या स्वप्नांकडे बोट दाखविले, तीच स्वप्ने इ. स. दुसऱ्या शतकात इफिसस येथील आर्टेमिडोरसने आपल्या अभ्यासाचा विषय केली. ‘ओनेइरोक्रिटिका’ हा त्याचा पाच भागांचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. ग्रीस, आशिया मायनर व इटली येथे प्रवास करून, प्रतिष्ठितांनी तुच्छ लेखलेल्या बाजारातील स्वप्नपाठकांकडूनही त्याने माहिती मिळविली.

त्याने प्रथम स्वप्नांचे दोन वर्ग केले. भुकेल्याला अन्न दिसणे, हे केवळ वर्तमान अवस्थेचे प्रतिबिंब होय. त्यास ‘एनिप्निऑन’ म्हणतात. भविष्यसूचक स्वप्न म्हणजे ‘ओनेइरोस’. त्याचा अर्थ लावताना स्वप्न पाहणाऱ्याचा व्यवसाय, सांपत्तिक स्थिती, वय, आरोग्य तसेच स्थानिक चालीरीती विचारात घ्याव्यात, असा त्याचा आग्रह आहे.

आपण पुन्हा जन्मास येत आहोत, हे स्वप्न याचे उत्तम उदाहरण ठरते. गरिबाला ते शुभ, कारण अर्भकाप्रमाणे त्याचे पालनपोषण करणारा कोणी भेटेल. श्रीमंताला अशुभ, कारण अर्भकावर इतरांची सत्ता चालते. कारागिराला ते बेकारी सुचविते, कारण अर्भकाचे हात गुंडाळलेले असतात. गुलामाला मालकाची मर्जी व चुकांची क्षमा लाभेल. मुक्ती मात्र मिळणार नाही.

मर्यादा व महत्त्व :
पाचव्या भागात ९५ स्वप्ने त्यांच्या फलितांसह दिली आहेत. परंतु फळाला न आलेल्या स्वप्नांची तुलनात्मक नोंद तेथे नाही. त्यामुळे ॲरिस्टॉटलचा योगायोगाचा आक्षेप अबाधित राहतो. सिग्मंड फ्रॉइडनेही या पद्धतीची दखल घेतली. मात्र स्वप्नातील घटकांवरून काय आठवते, हे तो अर्थ लावणाऱ्याला नव्हे, तर स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारतो.

समारोप :
भविष्यकथन म्हणून हा ग्रंथ आज ग्राह्य ठरत नाही. तथापि ज्यांनी स्वतःविषयी क्वचितच काही लिहून ठेवले, अशा गुलाम, कारागीर व दरिद्री माणसांच्या आशा आणि भीती त्यात नोंदल्या गेल्या आहेत. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल यातच आहे.