अपुरा बफर आणि सोयीचं शून्य

व्हर्टेक्स बफर भरून जीपीयूपर्यंत कसा पोचवायचा, ते मागच्या लेखांकात पाहिलं. पण शेडरला तीन बफर हवेत आणि जोडलेत दोनच, किंवा हजार शिरोबिंदू काढायला सांगितलेत आणि बफरात नऊशेच आहेत, तर? डायरेक्टथ्रीडी ११ अशा वेळी मुकाट्याने शून्य वाचतं. व्हल्कनमध्ये रोबस्ट बफर अ‍ॅक्सेस सुरू नसेल, तर बफराबाहेरच्या वाचनातून काय निघेल याची कसलीच हमी नाही. वेबजीपीयू मात्र कमांड नोंदवतानाच हिशोब तपासतं आणि जमला नाही तर अख्खा कमांड बफर नाकारतं. हा कडकपणाच योग्य, असं माझं मत आहे. शून्य निरुपद्रवी दिसतं, पण ते चूक भलत्याच ठिकाणी नेऊन टाकतं. स्थानाचा बफर शंभर शिरोबिंदूंनी कमी पडला की ते शंभरही मॉडेलच्या मूळबिंदूवर जाऊन बसतात. तिन्ही कोपरे हरवलेले त्रिकोण दिसेनासे होतात, एखादाच कोपरा हरवलेले त्रिकोण लांबलचक सुळ्यांसारखे ताणले जातात. नॉर्मलचा बफर नसेल, तर शून्य लांबीच्या दिशेला तिच्याच लांबीने भागायची पाळी येते आणि प्रकाशाचं गणित कोसळतं. मग कॅमेऱ्याचा मॅट्रिक्स तपासा, शेडर उलटापालटा करा. मूळ दोष मात्र बफर भरणाऱ्या ओळीत.

यावर ठरलेला आक्षेप वेगाचा: प्रत्येक ड्रॉ कॉलला तपासणी परवडेल का? ती केवढी, ते पाहू. स्ट्राइड ३२ बाइटांचा, त्यात स्थान १२, नॉर्मल १२ आणि उरलेले ८ रिकामे. हजार शिरोबिंदूंना ३२,००० बाइट लागतील असं वाटतं, पण शेवटच्या शिरोबिंदूला पुढची रिकामी जागा लागत नाही. म्हणून ९९९ गुणिले ३२, अधिक २४, म्हणजे ३१,९९२. एक गुणाकार, एक बेरीज, एक तुलना. एवढ्याने फ्रेमरेट बसत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इंडेक्स बफर वापरला, की कोणता शिरोबिंदू वाचला जाणार हे त्यातल्या आकड्यांवर ठरतं, आणि ते आकडे जीपीयूच्या मेमरीत असतात. वेबजीएलने यासाठी एकच बफर व्हर्टेक्स आणि इंडेक्स अशा दोन्ही कामांना वापरायलाच बंदी घातली, म्हणजे ब्राउझरला इंडेक्स तपासणं सोपं जावं. वेबजीपीयू इथे नमतं घेतं: हद्दीबाहेरच्या इंडेक्सला शून्य मिळेल, त्याच बफरातलं दुसरं काही मिळेल, किंवा ड्रॉ कॉल होणारच नाही. परक्या टॅबचा डेटा फुटू नये, एवढी राखण पक्की. जिथे आधी तपासता येत नाही तिथे ही तडजोड मलाही मान्य आहे. जिथे येतं तिथे ती आळसाची सबब होते.

राहिला खेळणाऱ्याचा प्रश्न: त्याच्यासमोर एरर कशाला? नकोच. रंगाचा बफर नसेल तर इंजिनाने समजून-उमजून पांढऱ्या रंगाचा १६ बाइटांचा बफर शून्य स्ट्राइडने जोडावा. प्रत्येक शिरोबिंदू तोच रंग वाचेल. स्थानाला मात्र असा पर्याय नाही. तिथे तो ड्रॉ कॉल वगळावा, आणि मेशचं नाव, लागणारे बाइट व हाती असलेले बाइट लॉगमध्ये लिहावेत.